माहुलीवर ढग असतील तर

घरी विमान बांधायला घेतलेल्या माणसाला पंखांबद्दल कोणी सल्ला देत नाही. फासळ्या, पत्रा, रिव्हेट हे ज्याचं त्याला माहीत, असं म्हणून भले भले गप्प बसतात. पण वैमानिकासमोरच्या पॅनेलला भोकं पाडायची वेळ आली, की शहापूरपासून मुरबाडपर्यंत प्रत्येकाला मत फुटतं. कारण तिथे आता पडदा बसतो, आणि पडद्यातलं हल्ली सगळ्यांनाच कळतं. मुरबाडच्या एमआयडीसीत शेड असलेला आमचा एक मित्र सध्या या अवस्थेत आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने त्याला "दादा, मोठ्यात मोठा स्क्रीन घ्या" असं सांगितलंय. केबलवाल्याचं म्हणणं, दोन घ्या. आईने एवढंच विचारलं, "यातला ब्रेक कुठला रे?" ब्रेक खाली पायापाशी असतो आणि तो फक्त जमिनीवरच चालतो, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.

तसं हे वेड एकट्याचं नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडलं. नोंदणी झाली नोव्हेंबर 2017 मध्ये आणि उडवून पाहण्याचा परवाना आला ऑक्टोबर 2019 मध्ये. घरगुती विमानाचा सगळ्यात लांबचा प्रवास या टेबलावरून त्या टेबलावर असतो, आणि त्यासाठी कुठलंच उपकरण मिळत नाही.

बाकी सगळ्यासाठी मिळतं. जुनी पद्धत सहा गोल तबकड्यांची: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढ-उताराचा दर. नवी पद्धत अशी, की हे सहाही एका काचेवर, वर नकाशा, इंजिनाचं तापमान आणि शेजारून जाणारी विमानं. गार्मिन आणि डायनॉन या कंपन्यांचे कॅटलॉग मित्राने इतके चाळलेत, की कोपरे मऊ पडले. एका पडद्याच्या पैशात म्हसाच्या यात्रेत बैलजोडी येईल आणि वर पैसे उरतील, हे त्याला घरातल्यांनी ऐकवून झालंय. "बैलांना ढगात दिसतं का?" हे त्याचं उत्तर.

या उत्तरात मात्र दम आहे. ढगात माणसाला वर-खाली कळत नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वळण लांबलं की ते विसरतो, आणि विमान एका बाजूला कलून खाली चाललं असताना आपल्याला वाटतं, सरळ चाललोय. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हे तपासलं गेलं. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडायला लावलं. विमानावरचा ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आसनगाव स्टेशनावर कसारा लोकलची घोषणा पुरी व्हायच्या आत खेळ खलास.

आणि आमच्याकडे ढग म्हणजे पाहुणा नव्हे. जून लागला की माहुली किल्ल्याचे सुळके दिसेनासे होतात, माळशेजला धबधबे रस्त्यावर येतात. इथे उंची मोजणाऱ्या तबकडीची खरी परीक्षा. ती बिचारी उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजते आणि त्यावरून अंदाज सांगते. त्या दिवशीचा दाब वैमानिकाने बटण फिरवून तिला कळवायचा असतो. कोकणपट्टीत जानेवारीत हा दाब 1014 हेक्टोपास्कलच्या आसपास, जुलैत त्याहून सुमारे 10 ने कमी. जानेवारीत लावलेला आकडा तसाच ठेवून जुलैत उडालात, तर तबकडी पावणेतीनशे फूट जास्त दाखवेल. माहुली सुमारे 2,800 फूट उंच आहे. तबकडी म्हणेल, तीन हजारांवर आहात, निश्चिंत राहा. किल्ला काय म्हणेल ते वेगळं. आणि इथे भारीतल्या भारी पडद्याचाही उपयोग नाही, कारण पडद्यालासुद्धा तो आकडा माणसानेच सांगायचा असतो.

वेगाच्या काट्याचं त्याहून मजेशीर आहे. तो पंखाखालच्या एका बारीक नळीवर जगतो. समोरून हवा नळीत घुसते, तिच्या जोरावरून वेग कळतो. आता उघड्या तोंडाची नळी दिसली की आमच्याकडची कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. नळाची तोटी असो नाहीतर दाराच्या कडीचं भोक. म्हणून नळीला लाल फीत लावलेली टोपी घालतात आणि उडण्याआधी काढतात. ही टोपी पॅनेलवरच्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वस्त आहे. मित्राने ती अजून घेतलेली नाही, कारण ती कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर आहे.

"जेआरडी टाटांनी रेडिओशिवायच उडवलं होतं की," असं तो अधूनमधून म्हणतो. खरं आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी टपाल घेऊन कराचीहून जुहूला आलेल्या त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. पण महिना ऑक्टोबर होता, हे हा सोयीस्करपणे गाळतो. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा ती टपालसेवा पुण्याहून चालवत. शिवाय तेव्हा आकाशात गर्दी नव्हती. आज ठाणे जिल्ह्यावरून मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांची रांग असते, आणि त्या रांगेजवळ जायचं तर रेडिओ हवा, त्याचा वेगळा परवाना हवा, आणि आपण कोण ते खालच्या रडारला सांगणारा ट्रान्सपाँडर हवा. त्यात चार आकडे भरायचे असतात. रेडिओ बंद पडला तर 7600, अपहरण झालं तर 7500. बोट घसरायला जागा एकाच आकड्याची. असल्या हाताने मित्र मोबाइलवर कोणाकोणाला चुकून फोन लावतो, हे मला ठाऊक असल्यामुळे मोठी बटणं असलेला ट्रान्सपाँडर घे, एवढा एकच सल्ला मी दिला आहे.

माझं मत विचाराल, तर एक पडदा पुरे. त्याला स्वतःची राखीव बॅटरी असावी, कारण मुरबाडला राहणाऱ्याला लाइट जाणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शेजारी वेगाची आणि उंचीची अशा दोन गोल तबकड्या ठेवाव्यातच. त्या नुसत्या हवेवर चालतात, विजेचं नाव काढत नाहीत. दुसऱ्या पडद्याचे पैसे वाचतील ते ढगात उडायच्या रीतसर शिक्षणावर घालावेत. आणि माहुलीचे सुळके खालून दिसत नसतील, त्या दिवशी विमान शेडमध्येच राहू द्यावं.

राहता राहिलं होकायंत्र. सगळं बंद पडलं तरी ते चालतं, पण जवळ लोखंड किंवा चुंबक आला की बिनदिक्कत खोटं बोलतं. तेव्हा गाडीतल्यासारखा गणपती विमानातही बसवणार असाल, तर तळाला चुंबक असलेला आणू नका. चिकटपट्टीवरचा आणा, आणि होकायंत्रापासून लांब बसवा.