उणे नऊशे साठ वॅट

मुलाकडे सहा महिने राहून विलायतेहून परतलेला बाप आता कोकणात गावोगाव एक तरी सापडतो. पूर्वी गावाला शहाणपण शिकवायचं काम मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्याकडे होतं. आता तो मान यांच्याकडे गेलाय. कुणी तिथल्या कचऱ्याच्या रंगीत डब्यांवर बोलतो, कुणी न वाजणाऱ्या हॉर्नवर. अंजनवेलीच्या वाट्याला आले ते हीटरवाले तात्या. (नाव आपलं असंच. तात्या नाही असं घर वाडीत दाखवा.)

तात्यांच्या मुलाच्या परसात, इंग्लंडात, आठ बाय सहा फुटांचं काचेचं घर आहे आणि त्यात एकच मानाचा भाडेकरू: कढीपत्ता. आपल्याकडे विहिरीकाठी कोयता चालवूनही हटत नाही ते झाड तिकडे थंडी पडली की पानं गाळून खराट्यासारखं उभं राहतं. आतलं तापमान दहा अंशांखाली जाऊ द्यायचं नाही, म्हणजे हीटर हवा. सुनेनं तो एका दुपारी आणला असता. पण तात्यांची उभी नोकरी सरकारी खरेदी विभागात गेलेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी तिथं सुतळीचं बंडलही घेतलेलं नाही.

तात्यांनी वही काढली. काचेतून दर चौरस मीटरला, आतबाहेर एका अंशाचा फरक असला की, सहाएक वॅट ऊब निसटते. काच वीस चौरस मीटर, बाहेर शून्य, आत दहा: झाले बाराशे वॅट. मग इंधन. रॉकेलचा हीटर स्वस्त. पण एक लिटर रॉकेल जाळलं की लिटरभर पाणी वाफ होऊन आत पसरतं, काचा गळायला लागतात, पानांवर बुरशी येते. गॅसची तीच कथा. शेवटी थर्मोस्टॅटवाला, पंख्याचा, विजेचा हीटर ठरला आणि काचेला आतून फुगे असलेलं प्लास्टिक. एवढं ठरेपर्यंत मार्च उजाडला, थंडी ओसरली आणि कढीपत्ता आपल्या बळावर फुटला. तात्यांच्या मते तो निर्णय योग्य झाल्याचा पुरावा.

इथवर ठीक होतं. पण खरेदी खात्यातला माणूस रिकाम्या हातानं परतला तरी फाइल घेऊन परततो. अंजनवेलीत उतरताच तात्यांनी जाहीर केलं, "आपल्याकडेही ग्रीनहाउस करायचं. आणि हीटर आधी ठरवायचा, नाहीतर मागाहून पंचाईत." झाड कुठलं लावायचं, हा प्रश्न त्यांना गौण वाटला. परसात लोखंडी पाइप उभे राहिले, वर दोनशे मायक्रॉनचं प्लास्टिक चढलं, आत दोन थर्मामीटर टांगले गेले. पहिला हिशेब ओटीवर झाला, चारचौघांसमोर. प्लास्टिक वीस चौरस मीटर, सहा वॅट, आत हवेत दहा अंश. बाहेर? जानेवारीतल्या पहाटेचे अठरा. तात्यांनी गुणाकार केला, चष्मा पुसला, पुन्हा केला. उत्तर आलं उणे नऊशे साठ वॅट.

"उणे नऊशे साठचा हीटर चिपळूणला मिळेल का रे?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"मिळेल की. त्याला फ्रीज म्हणतात, तात्या."

दुसरा कुणी इथं थांबला असता. तात्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं: दापोलीत पारा दहाखाली. दापोली पठारावर, खाडीपलीकडे. अंजनवेल समुद्राला टेकून. दिवसभराची ऊब रात्री सावकाश सोडणारा अरबी समुद्र हाच गावाचा हीटर आहे आणि तो कोटेशनाशिवाय बसवलेला आहे, हे त्यांना सांगून पाहिलं. पटलं नाही. कोटेशन नव्हतं, खरी अडचण तीच असावी.

विजेबद्दल त्यांना चिंता नव्हती. "एन्रॉनच्या गावात बसून विजेची काळजी?" १९९९ साली इथं एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला, ही कथा देशाला ठाऊक आहे. त्यावर पुस्तकं निघाली, चौकशा झाल्या. तात्यांचं निदान एका वाक्याचं: "नाफ्था महाग पडला. इंधनाची निवड चुकली! माझी वही तेव्हा कुणी मागितली नाही." हे सांगत असतानाच ओटीवरचा दिवा गेला, तेव्हा पुढचं भाषण अंधारात झालं.

बागायतदार मात्र खरेच चिडले. हापूसला मोहोर यायचा तर डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा लागतो; तो नसला की झाड नुसती पालवी काढतं आणि वर्ष जातं. "आम्ही थंडीसाठी देव पाण्यात ठेवून बसलोय, आणि तुम्ही ऊब विकत आणताय!" तात्यांनी शांतपणे त्याचीही नोंद वहीत केली.

एप्रिलमध्ये त्या प्लास्टिकच्या घरात दुपारी पंचेचाळीस अंश भरायला लागले. आतली टोमॅटोची रोपं करपली. काकूंनी इतके महिने एक शब्द काढला नव्हता. त्यांनी कुंड्या बाहेर काढल्या, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक हातभर वर गुंडाळलं आणि आत कोकमाची सालं पसरली. रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला, तेव्हा अंगणाअंगणातली आमसुलं भिजली. काकूंची शाबूत राहिली. हरितगृहाचा खरा उपयोग गावात पहिल्यांदा काकूंना कळला, तोही वहीशिवाय.

तात्या म्हणतात, हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतंच. आता ढगाळ दिवसांत आमसुलं वाळवायला आत एक हीटर लागेल, आणि यावेळी हिशेब अधिक येतो. गंमत म्हणजे या खेपेला त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दोन कोटेशनं आली आहेत, तिसऱ्याची वाट पाहणं चालू आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर आमसुलं जरूर घ्या, काकू माप सढळ देतात. फक्त हीटरचा विषय काढू नका. धोपाव्याहून दाभोळला जाणारी शेवटची फेरीबोट हमखास चुकेल.