मेतकूट आणि मलेशियाची हद्द

सिंगापूर

ती. आई-अण्णा,

क्वालालंपूरची सहल आटोपून सुखरूप परतलो. तुमचे चिरंजीव फोनवर 'प्रवास छान झाला' एवढंच सांगतील, म्हणून हे पत्र.

सिंगापूर नि मलेशियाच्या मध्ये चिंचोळा समुद्र, त्यात भराव घालून १९२४ साली पुरा केलेला रस्ता. लांबी जेमतेम एक किलोमीटर. नेवासे फाट्यावरून गावात जायला याहून जास्त चालावं लागतं. पण शुक्रवारची संध्याकाळ, तेवढ्याला दीड तास लागला. अलीकडे वुडलँड्सला उतरा, पासपोर्ट दाखवा, पळत येऊन बसमध्ये बसा. पलीकडे जोहोर बाहरूला पुन्हा उतरा, या खेपेला बोचक्यांसकट. सिंगापूरच्या मोटारींना तर पाऊण टाकी पेट्रोल भरल्याशिवाय हद्द ओलांडू देत नाहीत, कारण पलीकडे ते स्वस्त. घरून जेवून निघा, हा आईंचाच कायदा!

जोहोरला तुमच्या मेतकुटाची पिशवी यंत्रातून गेली आणि साहेबांनी बोट केलं. पिवळी पूड, वर रबर. यांनी घाबरून 'मेडिसिन' सांगितलं. झालं! औषध म्हटल्यावर डॉक्टरची चिठ्ठी आली. शेवटी मीच चिमूटभर जिभेवर टाकून 'नासी, नासी' म्हटलं. मलयमध्ये भाताला नासी म्हणतात. मला येणारा तेवढाच शब्द. साहेब हसले. पण सांडलेलं भरून रबर लावेपर्यंत ड्रायव्हरने दिलेली वीस मिनिटं संपत आली. मी छोटीला घेऊन बस थांबवायला पळाले. बस थांबली नाही, आम्हाला मात्र घेऊन निघाली. आपल्या एसटीचा कंडक्टर निदान मुंडकी मोजून घंटी देतो. हे मागच्या बसने सव्वा तासाने आले, मांडीवर मेतकूट.

अण्णा, आजोबा गोदावरी उतरून निजामाच्या हद्दीत गेले की करोडगिरीवाले गाठोडं सोडायला लावत, पैसाही हाली सिक्क्याचा लागे, हे तुम्ही सांगायचात तेव्हा मी हसायचे. आता नाही हसणार.

क्वालालंपूरला बातू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढतानाही यांनी ती पिशवी सोडली नाही. आई, तिथला मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. मी दर्शन घेतलं. रागावू नका, तमिळ लोकांत त्याला दोन बायका आहेत.

पुढचं मेतकूट फिरकीच्या झाकणाच्या डब्यातून पाठवा. रबर नको.

तुमची सून