स्टेडियम कसं मागावं?

बेसबॉल संघाच्या मालकानं स्वतःच्या पैशानं स्टेडियम बांधणं म्हणजे शहराच्या औदार्याचा अपमान. अमेरिकेतले जाणते मालक तो कधी करत नाहीत. होतकरूंनी हे शास्त्र मायामीत शिकावं. तिथल्या मार्लिन्स संघाचे तेव्हाचे मालक जेफ्री लोरिया हे न्यूयॉर्कचे चित्रांचे व्यापारी. रिकाम्या भिंतीचा माणूस दिसला की त्याला चित्राची गरज पटवून देणं, हा पिढीजात नसला तरी पक्का मुरलेला धंदा. इथं गिऱ्हाईक म्हणून अख्खी काउंटी, म्हणजे जिल्हाच, मिळाली.

पहिली पायरी, रडावं. संघ चालवणं परवडत नाही, जुन्या मैदानात ऊन-पाऊस सोसवत नाही, असं वर्षानुवर्षं सांगावं. हिशेबाच्या वह्या मात्र दाखवू नयेत. ती खासगी बाब असते. २०१० साली मार्लिन्सचे कागद बाहेर फुटले आणि संघ चक्क नफ्यात असल्याचं निघालं. पण स्टेडियमचा करार २००९ मध्येच होऊन गेला होता. रडण्यात वेळ साधणं फार महत्त्वाचं.

दुसरी पायरी, धमकी अजिबात देऊ नये. फक्त सॅन अँटोनियोसारख्या दुसऱ्या शहराला एक चक्कर मारून यावी आणि ते वर्तमानपत्रात छापून येईल एवढं बघावं. मोठ्या लीगमध्ये संघ आहेत ३०. १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली आहे, त्यामुळे संघ किती आणि कुठे हे लीगच ठरवते. उपवर मुलगे मोजकेच ठेवले की हुंड्याचा भाव आपोआप चढतो.

तिसरी पायरी, पैसा लोकांचा नाहीच म्हणावं. मायामीत हॉटेलांवरचा पर्यटन कर पुढे केला गेला. पर्यटक पैसे देतो, मत देत नाही. असा आदर्श करदाता शोधून सापडायचा नाही. स्थानिकांना मतदानाची तसदीही दिली नाही. मार्च २००९ मध्ये काउंटीच्या सभागृहात ९ विरुद्ध ४ मतांनी काम उरकलं. वाहनतळांसकट खर्च ६० कोटी डॉलरांच्या वर, त्यातला मोठा वाटा सरकारी. त्यातलं एकच कर्ज बघा: घेतलं ९ कोटी १० लाख, फेडायचे सुमारे १२० कोटी. २०४० नंतरही हप्ते चालूच राहतील. म्हणजे उद्‌घाटनाच्या वर्षी जन्मलेलं पोर तिशीला टेकेल तेव्हाही पावती फाडली जात असेल.

चौथी पायरी, कलेची सेवा. मैदानाच्या मागं सहा-सात मजली उंचीचं एक रंगीबेरंगी शिल्प उभारलं. यजमान संघानं होमरन मारली की मार्लिन मासे उड्या घेत, फ्लेमिंगो हलत, पाण्याच्या चिळकांड्या उडत. सार्वजनिक कलेच्या निधीतून खर्च २५ लाख डॉलर. २०१२ मध्ये स्टेडियम उघडलं, त्याच नोव्हेंबरात बिनीचे खेळाडू टोरोंटोला देऊन टाकले आणि २०१३ मध्ये संघ १०० सामने हरला. माशांना भरपूर विश्रांती मिळाली. पुढं नव्या मालकांनी ते शिल्पच बाहेर पटांगणात नेऊन ठेवलं.

पाचवी पायरी, निघावं. लोरियांनी २००२ मध्ये सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरांना घेतलेला संघ २०१७ मध्ये १२० कोटी डॉलरांना विकला. काउंटीला त्या एका कर्जापोटी फेडायचे आहेत, जवळपास तेवढेच. हिशेब कसा चोख! विक्रीच्या नफ्यात काउंटीला ५ टक्के वाटा देण्याचं कलम करारात होतं, पण मालकाच्या हिशेबतपासनिसांना या व्यवहारात तोटाच दिसला. काउंटी कोर्टात गेली आणि अखेर सुमारे ४२ लाख डॉलरांवर तडजोड झाली.

जनता गप्प बसली, असं मात्र कोणी म्हणू नये. मार्च २०११ मध्ये ८८ टक्के मतदारांनी या कराराची पाठराखण करणारे काउंटीचे महापौर कार्लोस अल्वारेझ यांना घरी बसवलं. घरपट्टी वाढवल्याचा रागही त्यात होता. महापौर गेले, करार राहिला. ऋण काढून सण साजरा करणाऱ्या या वास्तूला २०२१ मध्ये साजेसं नावही मिळालं: लोनडिपो पार्क. प्रायोजक कंपनी कर्जं देते.

आता धोक्याची सूचना. मतदारांना आधी विचारलं की खोळंबा होतो. एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत रॉयल्सचं नवं बेसबॉल स्टेडियम आणि चीफ्सच्या फुटबॉल मैदानाची डागडुजी यांसाठी विक्रीकर ४० वर्षं चालू ठेवायचा का, असं मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीनं विचारलं. ५८ टक्के लोक नाही म्हणाले. मालकांनी धीर सोडण्याचं कारण नव्हतं. जून उलटायच्या आत हद्दीपलीकडच्या कॅन्सस राज्यानं कायदा करून स्टेडियमच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भार रोख्यांतून उचलायची तयारी दाखवली. मतदाराचा नकार हा असा त्याच्या हद्दीपुरताच चालतो. मालकाला फक्त रस्ता ओलांडायचा असतो.