आधी साळुंकी, मग वाघ

शाळेत न जाणाऱ्या मुलांना लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'कितवीत आहेस?' आणि त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही की दुसरा, 'मग दिवसभर करतेस काय?' भोपाळच्या जवाहर चौकात आमच्या शेजारी राहणारी मुलगी घरीच शिकते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ आहे : वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. दुसऱ्या प्रश्नाची सोय करायला तिच्या आईने तिला माझ्याकडे धाडलं. "काका, हिला जंगलातले फोटो काढायला शिकवा."

जंगलातले म्हणजे वाघाचे. मध्य प्रदेशात राहून वाघ नाही टिपला, तर ते नागपुरात राहून संत्रं न चाखण्यासारखंच. 2022च्या गणनेत राज्यात 785 वाघ निघाले. एवढ्यांपैकी एखादा आपल्या वाट्याला का येऊ नये? मी म्हटलं, येईल की. पण आधी साळुंकी.

आईचा चेहरा पडला. पण माझं मत पक्कं आहे : वाघ हा फार वाईट मास्तर. फोटो हलला, शेपूट कापली गेली, मधे फांदी आली, तरी कुटुंबाच्या ग्रुपवर पन्नास अंगठे उमटतात. साळुंकीला फुकटची वाहवा कोण देणार? तिचा फोटो चांगलाच काढावा लागतो.

चौकातल्या नळाखाली साचलेल्या पाण्यावर साळुंक्या येतात. उभं राहून काढला तर फोटोत नुसती तपकिरी पाठ. पोरगी फुटपाथवर सरळ पालथी झोपली आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणला. मग दिसलं, की डोक्याचा काळा रंग मानेपाशी हळूहळू तपकिरी होतो, डोळ्यामागची पिवळी कातडी ओली असल्यासारखी चमकते आणि बुबुळात उगवत्या उन्हाचा एक ठिपका असतो. तो ठिपका नसला, की जिवंत पक्षी पेंढा भरलेला वाटतो. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "को खाँ, बिटिया गिर गई क्या?"

हा ठिपका सूर्य तिरपा असतानाच नीट मिळतो. ऊन डोक्यावर चढलं की संपलं. नेमक्या या तिरप्या उन्हाच्या वेळी शहरातली बाकीची पोरं स्कूलबसमध्ये पेंगत असतात. घरी शिकण्याचे फायदे-तोटे तज्ज्ञांनी ठरवावेत. सकाळचा उजेड मात्र या मुलीच्या पदरात पूर्ण पडतो.

गणितही सुटत नाही. लेन्सवरचे आकडे 2, 2.8, 4, 5.6, 8 असेच का, हे तिला कळेना. "प्रत्येकाला दोनाच्या वर्गमुळाने गुणून बघ," म्हटलं. पुढचा आकडा घेतला की आत येणारा उजेड निम्मा होतो. खारीची शेपटी सेकंदाच्या अडीचशेव्या भागात पुसट येते, हजाराव्या भागात केस न् केस दिसतो. पण शटरचा वेग चौपट झाला की उजेड चौथाईवर येतो, आणि तो कुठून भरून काढायचा याचा हिशेब डोक्यात मांडावा लागतो. या व्यवहारी अपूर्णांकांना ती कंटाळत नाही, कारण खार उत्तरासाठी थांबत नाही.

एकच गोष्ट मी दटावून सांगितली : घरट्याच्या वाट्याला जायचं नाही. फांदी वाकवून फोटो घेतला, की कावळ्याला पत्ता कळतो. अनेक स्पर्धांत घरट्याचे फोटो घेतच नाहीत.

आता तिची आई विचारते, पुढे काय? तलावाकाठी वनविहार आहे, 1983पासूनचं राष्ट्रीय उद्यान. मोठ्या तलावावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. छोट्या तलावासह त्याला 2002 साली रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. तिथे जाऊच. पण आमचा चौक ज्यात येतो त्या तात्या टोपे नगरातले जुने सरकारी क्वार्टर स्मार्ट सिटीसाठी पाडले आणि त्यांच्यासोबत पुष्कळ झाडंही गेली. उरलेल्या झाडांवर कोण येतं, कोण यायचं थांबलं, याची तारीखवार नोंद तिच्या फोटोंत होते आहे. हे काम वाघापेक्षा कमी मोलाचं नाही.

तुमच्या घरी कुणी मोठ्या लेन्ससाठी हट्ट धरून बसलं असेल, तर पैसे जरा राखून ठेवा. घरात असेल तो कॅमेरा हातात द्या, पहाटे उठवा आणि एक साळुंकी नेमून द्या. वाघ 785 आहेत, थांबतील.