आपणहून आलेलं गिऱ्हाईक

बिटकॉइनचा मूळ आराखडा 2008 साली आला तेव्हा जेमतेम 9 पानांचा होता. मधे बँक नको, सरकार नको, असा बाणा. आज त्याच घराण्यातली क्रिप्टोवाली मंडळी युरोपात फायली काखेत मारून परवान्याच्या रांगेत उभी आहेत. तिथला क्रिप्टो-नाण्यांसाठीचा 'मायका' (MiCA) कायदा 30 डिसेंबर 2024 पासून पूर्ण लागू झाला. (हिंदीत मायका म्हणजे माहेर. हे मात्र अस्सल सासर आहे.)

नवं नाणं विकायचंय? श्वेतपत्रिका काढा. आपल्याकडे ती सरकार काढतं आणि कुणी वाचत नाही; तिथे कंपनी काढते, एवढाच फरक. पहिल्याच पानावर लिहायचं की ही पत्रिका कोणत्याही सरकारी यंत्रणेने मंजूर केलेली नाही. पुढे लिहायचं की नाण्याची किंमत थोडी किंवा सगळीच बुडू शकते, आणि ते विकलं जाईलच असंही नाही. शिवाय संचालकांची ग्वाही, की मजकुरात दिशाभूल नाही. लग्नाच्या बायोडेटात 'मुलगा कधीही घर सोडून जाईल' असं छापून खाली आईवडिलांनी सह्या ठोकाव्यात, तसं. तरी स्थळं येतातच.

बाहेरच्या देशातल्या बिनपरवाना कंपनीला एकच फट आहे: गिऱ्हाईक निव्वळ स्वतःच्या पुढाकाराने आलं पाहिजे. मग काय! वेबसाइट स्लोव्हेनियन भाषेत, खेळाडूंच्या जर्सीवर नाव, इन्फ्लुएन्सर कामाला लावलेले, आणि वर साळसूद चेहरा, "आम्ही कुठे बोलावलं? ते आपणहून आले." पॅरिसच्या 'एस्मा'ने (संपकऱ्यांनी घाबरू नये, ही तिथली बाजार-नियामक संस्था) असल्या क्लृप्त्या म्हणजे बोलावणंच, असं सांगून टाकलंय.

परवाना एका देशाचा घ्यायचा, तो युरोपीय संघाच्या 27 देशांत चालतो. त्यामुळे कुठल्या टेबलावर शिक्का लवकर पडतो, याचा शोध सुरू. त्याला ब्लॉकचेन लागत नाही. माल्टाने दिलेला एक परवाना एस्माने तपासला आणि छाननी आणखी कसून व्हायला हवी होती, असा शेरा 2025 मध्ये मारला.

आणि शिक्का मिळाल्यावर? त्याचीच जाहिरात. शेवटी जुलै 2025 मध्ये एस्माला बजावावं लागलं की परवाना मिरवून गिऱ्हाइकांना भुलवू नका. सरकार नको म्हणून घर सोडलेल्यांनी दारावर पाटी लावलीय, आपल्या नाक्यावर असते तशीच: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'.