दोन्हीकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यांना सगळे दोन्हीकर म्हणतात, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. एखादी वस्तू एकाच कामाला येते म्हटलं की ती त्यांना महिनाभर मुक्कामाला येऊन ऐतं खाणाऱ्या पाहुण्यासारखी वाटते. त्यांच्याकडे सोफा-कम-बेड आहे. त्यावर बसलं की पाठ धरते, झोपलं की कंबर. टू-इन-वन आहे. त्यातली टेप अडकली तेव्हा रेडिओही दोन महिने दुरुस्तीला जाऊन बसला. मुलाची मुंज आणि घराची वास्तुशांत त्यांनी एकाच दिवशी उरकली. मांडव एक, आचारी एक, गुरुजी एक. गुरुजींनी दक्षिणा मात्र दोन घेतल्या.

अशा माणसाच्या डोक्यात सायकल शिरली ती २०१६ साली, नोटाबंदीत. दोन्हीकर शिवाजीनगरच्या एका बँकेत आहेत. त्या नोव्हेंबरात बँकेसमोर इतकी रांग असायची की स्कूटर लावायला जागा मिळेना. एका संध्याकाळी ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "ठरवलं. आता सायकल."

"वा! घ्या की एखादी चांगलीशी."

"घ्यायची नाही. बांधायची."

हा शब्द मी तोवर घर, साडी आणि मुंडावळ्या यांच्याच बाबतीत ऐकला होता. दोन्हीकरांनी समजावून सांगितलं. विकत मिळते ती सायकल एक तर ऑफिसची असते, नाही तर प्रवासाची. त्यांना दोन्ही हवी होती. कामाच्या दिवशी बँकेत जाईल आणि सुट्टीच्या शनिवारी-रविवारी भोरवरून वरंधा घाट उतरून महाडला नेईल, अशी. "टुरिंग नव्हे हं," त्यांनी बोट वर केलं, "लाइट टुरिंग. टुरिंग म्हणजे तंबू, स्टोव्ह, भांडी. लाइट टुरिंग म्हणजे दोन जोड कपडे, टॉवेल, पंक्चरचं सामान. रात्री लॉजवर."

"मग एसटीनंच जा की," वहिनी आतून म्हणाल्या. "दोन जोड कपडे आणि टॉवेल एसटीतही नेता येतो."

सुरुवात फ्रेमपासून झाली. फ्रेम स्टीलचीच हवी, यावर दोन्हीकर ठाम. ॲल्युमिनियम मोडलं तर गावात कोणी हात लावणार नाही, स्टील मोडलं तर कुठल्याही फाट्यावर वेल्डिंगवाला सापडतो. "पण मोडेल अशीच का बांधताय?" या वहिनींच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. जुन्या बाजारात चार रविवार घालवून त्यांनी एक फ्रेम आणली. निळी, हलकी, देखणी. आणली त्याच रात्री ती नापास झाली. कारणं दोन. क्रँकच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची जी दांडी असते, तिला चेनस्टे म्हणतात. ती ४२५ मिलिमीटर भरली. कॅरिअरला पिशव्या लटकवल्या की पायडल मारताना टाच पिशवीला आपटणार, म्हणून ती निदान ४५० हवी. दुसरं कारण जास्त गंभीर होतं. मागच्या चाकाच्या आसाजवळ स्क्रूसाठी एका बाजूला एकच भोक होतं.

"एक भोक!" दोन्हीकर एखाद्या स्थळाची पत्रिका जुळली नाही अशा स्वरात म्हणाले. "मडगार्डही त्यात आणि कॅरिअरही त्यातच?"

"लांब स्क्रू घालता येणार नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बँकेत कोणी फाटकी नोट पुढे सरकवली तर ते असेच पाहत असावेत.

निळी फ्रेम मीटरच्या खोलीत गेली आणि दुसरी आली. मग चाकं. इथं दोन्हीकरांना आयुष्यातला पहिला धक्का बसला, कारण त्यांची ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त श्रद्धा ती, म्हणजे आकडा, फितूर निघाला. दुकानात त्यांनी २८ इंची टायर मागितला, २८ इंची टायर मिळाला आणि तो त्यांच्या २८ इंची रिमवर डगडगला. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं २८ वेगळं. तिच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. युरोपातल्या टायरवरही २८ छापलेलं असतं, पण तिथं तो व्यास ६२२. फरक १३ मिलिमीटरचा, आणि २८ दोघांच्याही अंगावर. "आणि २६ चं तर विचारूच नका," ते म्हणाले. "निदान चार निरनिराळी २६ आहेत. आमच्याकडे दोन खात्यांना एकच नंबर दिला असता तर मॅनेजर सस्पेंड झाला असता." शेवटी परदेशी टायर मागवला. त्याची किंमत वहिनींना सांगितली ती एक आणि खरी ती दुसरी. इथंही दोन्ही.

पहिली चाकं ३२ स्पोकची होती. ऑफिससाठी ठीक, सामानासाठी कमी. ती मीटरच्या खोलीत गेली. मग ३६ स्पोकची आली. ती त्यांनी हातानं विणली, आणि मग रोज रात्री साडेआठला बाल्कनीत चाकाचा आउट काढायचा कार्यक्रम सुरू झाला. स्पोक सारखे ताणले गेलेत का हे आवाजावरून कळतं, म्हणून ते एकेक स्पोक नखानं छेडायचे आणि मान कलती करून ऐकायचे. गंमत अशी की गिअरच्या मागच्या चाकात उजव्या बाजूचे स्पोक जास्त ताणावे लागतात, डावे कमी. म्हणजे एकाच चाकातून दोन सूर. दोन्हीकरांना याचा केवढा आनंद! समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा रियाझ त्याच वेळेला असे. त्यांनी आठवडाभर सहन केलं आणि मग निरोप धाडला की चाक एक तर काळी पाचला लावा, नाही तर आत जाऊन लावा.

त्यानंतर सीट. १८६६ साली सुरू झालेल्या इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीची, जाड चामड्याची. ती सुरुवातीला पाटासारखी कडक असते आणि काहीशे किलोमीटर चालवली की बसणाऱ्याच्या आकाराची होते. पण चालवायला सायकल कुठे होती? तेव्हा दोन्हीकरांनी ती सीट स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसवली आणि रोज सकाळी तिच्यावर बसून पेपर वाचू लागले. पाय अधांतरी, हातात पेपर, तोंडावर प्रवासाला निघाल्याचे भाव. आठ महिने पेपर वाचून सीट मऊ झाली की नाही माहीत नाही, पण अग्रलेखापर्यंत आले की ते उठून उभे राहू लागले.

हँडल तर चार झाली. सरळ हँडल ऑफिसला बरं, पण लांबच्या प्रवासात मनगटं धरतात. खाली वळलेलं प्रवासाला बरं, पण ट्रॅफिकमध्ये मान धरते. फुलपाखराच्या आकाराचं आणलं, ते लिफ्टमध्ये मावेना. चौथं जुन्या काळ्या सायकलीसारखं मागे वळलेलं. त्याच्यावर बसल्यावर ते इतके आरामात दिसले की त्यांना स्वतःचाच संशय आला. उतरवलं.

या सगळ्याचा कळस गिअर. दोन्हीकरांचं गणित मला तोंडपाठ आहे, कारण लिफ्टला तीन मजले लागतात. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या फ्रीव्हीलचे दाते, गुणिले चाकाचे इंच. दूधवाल्याच्या सायकलला पुढे ४४, मागे १८, चाक २८. उत्तर अडुसष्ट, आणि तेवढ्या एका आकड्यावर माणसं पिढ्यान्पिढ्या दूध घालत आली. दोन्हीकरांनी आणलेल्या पहिल्या क्रँकचा सर्वांत हलका गिअर २७ इंच भरत होता. घाटाला हा जड, म्हणून तोही मीटरच्या खोलीत गेला. मग नवा आला : पुढे २२, मागे ३२, उत्तर साडेअठरा. त्यांनी मला एक्सेलचा तक्ता दाखवला. "या गिअरवर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर कुठलाही घाट बसल्या बसल्या चढता येतो. वेग येतो ताशी सव्वापाच किलोमीटर."

"माणूस चालतो किती?" वहिनींनी विचारलं.

"पाच."

"मग सायकल पाव किलोमीटरसाठी का?"

वर्षं गेली. सायकल दर दिवाळीत नव्वद टक्के झालेली असे. जून ते सप्टेंबर वरंध्यात दरडी, डिसेंबरात लग्नं, मार्चमध्ये क्लोजिंग, एप्रिल-मेमध्ये ऊन. २०२० मध्ये अख्ख्या जगाला सायकली हव्या झाल्या आणि शिमानोचे पार्ट बाजारातून गायब झाले. तेव्हा दोन्हीकरांच्या तोंडावर दोन वर्षं एक शांत समाधान होतं : उशिराला प्रथमच बाहेरचं कारण मिळालं होतं.

पण मीटरची खोली भरत चालली. एक दिवस सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली : मीटरच्या खोलीतले सायकलचे भाग आठ दिवसांत न हलवल्यास भंगारात दिले जातील. दोन्हीकर अस्वस्थ झाले. नापास झाले तरी ते त्यांचेच विद्यार्थी होते. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या वॉचमनमामांच्या जुन्या काळ्या सायकलची फ्रेम सीटखाली चिरली. मामा धायरीहून ड्यूटीला येतात. दोन्हीकर खाली गेले आणि म्हणाले, "मामा, हे सगळं घेऊन जा. नीट नाही, पण चालेल."

मामांनी ते पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मिस्त्रीकडे नेलं. निळी फ्रेम, ३२ स्पोकची चाकं, सरळ हँडल, नापास क्रँक, पहिलं कॅरिअर, फोमची सीट. मिस्त्रीनं दोन तासांत सायकल उभी केली. मजुरी ३५० रुपये. मडगार्ड आणि कॅरिअर त्यानं एकाच भोकात बसवलं. लांब स्क्रू घातला.

मामा त्या सायकलवरून रोज ये-जा करू लागले. मग एका शनिवारी रात्रपाळीच्या माणसाला चार्ज देऊन ते पाबे घाटानं वेल्ह्याकडच्या त्यांच्या गावी गेले, आणि सोमवारी पहाटे कॅरिअरला दहा किलो तांदूळ बांधून थेट ड्यूटीवर हजर झाले. दोन्हीकर सकाळी दूध आणायला खाली उतरले, त्यांनी ते पोतं पाहिलं आणि दुधाची पिशवी हातात तशीच धरून उलटतपासणी सुरू केली.

"घाटात कुठला गिअर ठेवलात?"

"गिअर कुठला? मिस्त्रीनं टाकून दिला तोच. चढ आला की उतरलो, हातात धरून चाललो."

"आणि टाच? पिशवीला टाच लागत नाही?"

"लागत होती ना साहेब. मग पिशवी वीतभर मागं सरकवून बांधली."

दोन्हीकर काही बोलले नाहीत. वर गेले, टेप घेऊन आले, आणि त्यांनी मामांची सायकल इकडून तिकडून मोजली. चेनस्टे ४२५. स्पोक ३२. हलका गिअर २७. "चुकीची आहे," ते मला म्हणाले. "सगळी चुकीची आहे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ताळेबंद जुळलाय, पण कसा जुळला ते कळत नाही, अशा वेळी बँकेतला माणूस बोलतो तसा तो आवाज होता.

पुढच्या वर्षी दोन्हीकर रिटायर होतात. म्हणजे ऑफिसला जाणं संपेल. वहिनी म्हणतात, आता अर्धीच सायकल पूर्ण केली तरी चालेल. पण यांनी मनावर घेतलंय की निवृत्तीआधी निदान वर्षभर तरी सायकलनं बँकेत जायचंच. स्वतःची सायकल बाल्कनीत उलटी आहे, नव्या डायनॅमोसाठी पुढचं चाक पुन्हा विणायचं आहे. तेव्हा गेल्या महिन्यात त्यांनी मामांपाशी शब्द टाकला. मामांची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, तेवढा वेळ त्यांची सायकल गेटपाशी नुसतीच उभी असते. एकाच कामाला येणारी वस्तू दिवसभर उभी असलेली दोन्हीकरांना बघवत नाही, हे मामांनाही आता कळलंय. त्यांनी किल्ली काढून दिली.

सध्या बँक असेल त्या दिवशी सकाळी सव्वानऊला दोन्हीकर मामांच्या सायकलवरून शिवाजीनगरला जातात आणि संध्याकाळी सातच्या आत परत आणून लावतात. महिन्यातून एका शनिवारी मामा तिच्यावरून पाबे घाट करतात. सायकल एकच आहे. मडगार्ड आणि कॅरिअर अजून एकाच भोकात आहेत.