जरा इकडे बघ, बाळा

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला एक वाईट खोड लागते. जग आपलं ऐकतं, असं त्याला वाटायला लागतं. अंतरपाट दूर झाला, नवरीने हार घातला आणि नेमकं कुणा आत्याबाईंचं डोकं मध्ये आलं, तरी काही बिघडत नाही. ‘हार काढा, पुन्हा घाला’ म्हटलं की दोघं निमूट पुन्हा घालतात. गुरुजी कुरकुरतात, पण अल्बममध्ये यायचं त्यांनाही असतंच. मुहूर्त पंचांगातला, पण लग्न लागतं ते आमच्या फ्लॅशवर.

अडचण एवढीच, की आषाढीला देव झोपले की धंदाही झोपतो. पंचवटीतल्या माझ्या स्टुडिओत मग कार्तिकीपर्यंत पासपोर्ट साइझचे फोटो आणि कुणाच्या तरी आजोबांचा जुना फोटो मोठा करून देणं, एवढंच काम उरतं. आणि याच दिवसांत शाळांच्या क्रीडास्पर्धांना ऊत येतो. १४ वर्षांखालची मुलं, १७ वर्षांखालची, १९ वर्षांखालची; आधी तालुका नाहीतर महापालिका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. खेळाच्या फोटोग्राफीत मला कुठल्या ध्यासाने वगैरे आणलं नाही, चातुर्मासाने ढकललं. माझा एक शाळूसोबती क्रीडाशिक्षक आहे. तो म्हणाला, “ये रे, पोरांचे चार फोटो काढ. तुला काय, नुसतं बटण दाबायचं.” या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

सुरुवात खो-खोने झाली. खो-खोत आठ गडी ओळीने बसतात, आणि एकाचं तोंड पूर्वेला असेल तर शेजारच्याचं पश्चिमेला. नियमच आहे तसा. म्हणजे फोटोवाला मैदानाच्या कुठल्याही बाजूला बसला तरी अर्धा संघ पाठमोरा. चार आया खूश आणि चार आया नाराज, ही वाटणी खेळ शोधून काढणाऱ्यानेच करून ठेवली आहे. एका बाईंनी मला विचारलंसुद्धा, “सगळ्यांना एकाच बाजूला तोंड करून बसवता नाही का येणार? पाचच मिनिटं.” मी त्यांना पंचांकडे पाठवलं. पंचांनी त्यांना परत माझ्याकडे पाठवलं.

पळणारं पोरगं हुलकावणी देतं ते पाठलाग करणाऱ्याला, पण फसतो कॅमेरा. ऑटोफोकस नावाची जी सोय आहे, ती घाबरट आहे. धावतं काही दिसलं की ती बिचकते आणि जवळचा स्थिर आधार शोधते. खो-खोच्या मैदानावर असा आधार म्हणजे खांब. त्यामुळे पोरगं म्हणजे एक निळसर धुरळा आणि खांब लख्ख. इतका लख्ख, की त्यावरच्या जुन्या रंगाचे पोपडे मोजावेत आणि कुणीतरी करकटकाने कोरलेलं बदामाचं चित्रही दिसावं. यावर उपाय तोच खांब आहे. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालावाच लागतो. तेव्हा पोरामागे कॅमेरा पळवायचा नाही. खांबाशी नेम धरून फक्कीच्या रेषेबाहेर मांडी घालून बसायचं. गिऱ्हाईक आपण होऊन येतं. कधी तर एका हाताने खांब धरून, अख्खं अंग जमिनीला समांतर करून, दुसऱ्या हाताने पुढच्याची टाच टिपत येतं. असा फोटो मिळाला की आठवडाभर मी घरात कुणाशी भांडत नाही.

कबड्डीचं शास्त्र वेगळं आहे. तिथे पोरगं तुमच्याकडे तोंड करून येतं, पण त्या तोंडातून अखंड ‘कबड्डी कबड्डी’ चाललेलं असतं. हजारांश सेकंदात टिपलेला चेहरा हा त्या शब्दातल्या कुठल्या तरी एकाच अक्षराचा असतो. ‘क’ला सापडलं तर जबडा पडलेला, डॉक्टरांनी ‘आ कर’ म्हटल्यासारखा. ‘ब’ला ओठ मिटलेले, पोरगं रुसलेलं दिसतं. ‘ड्डी’ला मात्र ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात, दात दिसतात, आणि समोर सात दांडगे गडी हात पसरून उभे असतानाही पोरगं प्रसन्न हसताना दिसतं. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. त्यात ‘ड्डी’ भरपूर येतात, पण डोळे उघडे, लाइट तोंडावर आणि मध्ये पंचांची पाठ नाही, असा ‘ड्डी’ एखादाच. आई-वडिलांना पाहिजे असतो तो नेमका हाच. “आमचा किती आनंदाने खेळतो बघा,” असं म्हणून ते प्रिंट घेऊन जातात. पुढच्याच सेकंदाला त्याला घोट्याला धरून आपटलेला असतो, तो फोटो माझ्याकडे पडून राहतो.

तसं पाहिलं तर पळणाऱ्याला टिपायचा प्रश्न १८७८ सालीच सुटला होता. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे पाहायला अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि घोड्याच्या वाटेत दोरे ताणून ठेवले. घोडा एकेक दोरा तोडत गेला आणि स्वतःचे फोटो स्वतःच काढत गेला. चारही पाय सुटतात, असं निघालं; फक्त चित्रकार शतकानुशतकं दाखवत आले तसे पुढे-मागे फेकलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे खरा पळणारा घोडा चित्रातल्यापेक्षा ओबडधोबड दिसतो. पळणाऱ्या पोरांचंही तसंच असतं. फरक इतकाच, की घोड्याची आई मायब्रिजकडे आली नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या थोर फोटोग्राफरने सुरुवात जास्त शहाणपणाने केली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओही चालवून पाहिला होता, म्हणजे या धंद्याचे चटके त्यांना ठाऊक होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल वर येईपर्यंतचं चित्रण थोडंथोडं करून केलं. वाटाणा जागचा हलत नाही, केस विस्कटले म्हणत नाही, आणि त्याच्या वडिलांना पहिल्या रांगेत उभं राहून मोबाइल आडवा धरायचा नसतो. फाळके वाटाण्यापासून सुरुवात करून दादासाहेब झाले. माझी सुरुवात सहावी ‘ब’पासून.

मोबाइल धरणाऱ्या वडिलांवर एक स्वतंत्र लेख लिहायला हवा, पण तो इथे नको. एवढंच सांगतो, की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे अख्खं नाशिक ज्याला गोल्फ क्लब म्हणतं तिथे, मी लांब लेन्स लावून उभा राहिलो की दहा मिनिटांत चार जण येऊन विचारतात, “कुठल्या पेपरचे?” कुठल्याच नाही म्हटलं की तोंड पडतं. पाचवा विचारतो, “केवढ्याला पडली?” सहावा सांगतो की त्याच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये याहून जास्त झूम आहे. आणि एखादा “मी तिचा मावसभाऊ, तिचे फोटो मला पाठवा” म्हणत येतो. मुलींचे फोटो मी शाळेला नाहीतर घरच्यांनाच देतो. मैदानावर जितके मावसभाऊ भेटतात तितक्या मावश्या जगात नसाव्यात.

शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाची गोष्ट आणखी निराळी. तो डिसेंबरात, ऐन थंडीत. तिकडे निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आलेला असतो आणि इकडे हाफ पँटमधली पोरं सातला रांगेत उभी असतात. ऊन तिरपं, मऊ. मैदानावर विरळ धुकं. असा प्रकाश लाखाची लेन्स देत नाही. त्या प्रकाशात मी काय टिपतो? पाहुण्यांची वाट बघणारी पोरं. पाहुणे साडेनऊला येतात, तोवर ऊन डोक्यावर चढायला लागलेलं असतं आणि टोपीखालचे चेहरे काळे पडू लागतात. मग दीपप्रज्वलन, मशाल, फुगे, नारळ. एका ठिकाणी संयोजकांनी पाहुण्यांना कबड्डीची पहिली चढाई करायची विनंती केली. पाहुणे देहाने भरदार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. समोर १४ वर्षांखालचे सात गडी. पीटीच्या सरांनी त्या सातांकडे एकदाच असं काही पाहिलं, की एकानेही हात उचलला नाही. पाहुण्यांनी शांतपणे सगळ्यांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला आणि चालत परत आले. त्या दिवसातला तो एकमेव लोण. फोटो झकास आला, कारण कुणीच हलत नव्हतं. पुढे तो फ्लेक्सवरही झळकला.

बक्षीस समारंभाचे फोटो सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त खपणारे. एक प्रमाणपत्र, त्याला धरणारे पाच मोठे, आणि खालून डोकावणारी पोराची चार बोटं. कुणालाही खेळाचा फोटो नको असतो, हे मला इथे नीट कळलं. खेळून झाल्याचा हवा असतो. धापा टाकून झालेल्या, तोंड धुतलेलं, शर्ट खोचलेला.

बंद हॉलमध्ये वेगळाच छळ. टेबल टेनिस, ज्यूदो, बॅडमिंटन. फ्लॅश मारायचा नाही, खेळाडूचे डोळे दिपतात. ते बरोबरच आहे. मग भिस्त जुन्या ट्यूबलाइटवर. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लागोपाठ पाच फोटो काढले, तर एक पिवळा, एक हिरवट, एक अंधारात, एक बरा, पुन्हा पिवळा. एका आईने ते सगळे एकाखाली एक पाहून काळजीने विचारलं, “याला कावीळ नाही ना झाली?” मी विजेचं गणित समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला डॉक्टरकडे नेऊन आणलं.

आता धावण्याविषयी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य. सावरपाडा एक्स्प्रेस हे नाव तिला उगीच पडलेलं नाही. पण एक्स्प्रेसचा फोटो काढायचा तर आधी फलाटावर उभं राहावं लागतं, आणि आम्ही शहरातले फोटोवाले चुकीच्या फलाटावर असतो. जिल्हा स्पर्धेत मी कॅमेरा लावतो तो पैसे देणाऱ्या शाळेच्या, भारी बूट घातलेल्या मुलींच्या वेगाला. आणि मग सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या आश्रमशाळेची एखादी अनवाणी पोर फ्रेमच्या एका बाजूने शिरते आणि बटण दाबेपर्यंत दुसऱ्या बाजूने निघून गेलेली असते. माझ्या हार्ड डिस्कमध्ये अशा कित्येक टाचा आहेत. नुसत्या टाचा, फोटोच्या उजव्या कडेला.

एकदा हट्टाने एकीला धरलंच. शटर मुद्दाम सावकाश ठेवला, एक साठांश, आणि ती धावेल तसा कॅमेरा तिच्याबरोबर वळवत नेला. याला पॅनिंग म्हणतात. जमलं तर धावणारा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं जग आडव्या रेघोट्या होऊन वाहत जातं. जमलं. तिचा चेहरा, ताणलेली मान, कपाळावर चिकटलेली बट, सगळं रेखीव. मागचा मांडव, झेंडे आणि सोफ्यावरचे मान्यवर म्हणजे रंगांचे पट्टे. तिचे आई-वडील आलेले नव्हते. पोरीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला, “मी अशी दिसते?” म्हणाली आणि मैत्रिणींना बोलवायला पळाली, तेही मला टिपता येणार नाही अशा वेगाने. मी मोठी प्रिंट काढून तिच्या सरांकडे पाठवली. स्पर्धेच्या संयोजकांनाही हौसेने दाखवली. त्यांनी ती बराच वेळ लांब-जवळ धरून पाहिली आणि म्हणाले, “छान आहे. पण मागे अध्यक्ष बसलेत, ते ओळखू येत नाहीत.”

परवा एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाचा कबड्डीतला फोटो त्यांनी पाहिला होता. माझा त्या मोसमातला सगळ्यात चांगला फोटो. चढाईला गेलेला पोरगा आडवा झालाय, एकाने घोटा धरलाय, दोघांनी कंबर, चौथा पाठीवर. आणि याचा हात लांब होऊन बोटं मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर. डोळे त्या रेषेवर. पोराने तो गुण आणलाही होता.

“फोटो छान आहे हो,” बाई म्हणाल्या, “पण ती चार मुलं काढून टाकता येतील का? हॉलमध्ये लावायचाय. त्यांनी त्याला असं धरलंय ते बरं नाही दिसत.”

मी म्हटलं, “ताई, धरलंय म्हणून तर फोटो आहे.”

“ते खरं हो. पण काढताच येत नाहीत का?”

येतात. हल्ली सगळं काढता येतं. मी चौघांनाही काढलं, शर्ट ओढून पोट झाकलं, गुडघ्यावरची माती पुसली. आता फोटोत पोरगा एकटाच आहे. आडवा, एक पाय मागे वर, एक हात पुढे लांब, तोंड अर्धवट उघडं. ‘ड्डी’ला सापडल्यामुळे हसरा. फ्रेम घरी गेली. त्याच्या आजोबांनी चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारलं, “हा पोहायला कधी शिकला?”

संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन आला. मागे पाणी टाकता येईल का, म्हणून.